दिवाळीत शहराची सामूहिक आतषबाजी असावी का? निवेदनासाठी मतं हवी आहेत

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या भागातल्या काही सोसायट्या आणि शेजारची वस्ती मिळून क्षेत्रीय कार्यालयात एक निवेदन द्यायचं घाटतंय. म्हणणं असं की दिवाळीत गल्लोगल्ली मध्यरात्रीपर्यंत जे चालतं, त्याऐवजी शहराने काही मैदानं ठरवून द्यावीत. तिथे ठरलेल्या वेळात, परवानाधारक जाणकारांकडून शोभेच्या दारूची आतषबाजी व्हावी, सगळ्यांनी सहकुटुंब जाऊन बघावी आणि बाकी रात्र शांत असावी.

कल्पना नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशातली रात्री ८ ते १० ची वेळ सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच आदेशात सामूहिक ठिकाणांबद्दलही लिहिलं होतं. दिल्ली परिसरात ठरवून दिलेल्या जागीच फटाके वाजवावेत आणि इतर शहरांनीही असं करता येईल का ते तपासावं, असं. आपल्याकडे त्या वाक्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही.

मला आतषबाजी मनापासून आवडते. पण आमच्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांची सून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते, खिडक्यांना चिकटपट्टी लावते आणि यंत्राचा आकडा बघत बसते. त्या घरात फराळाला जाताना बेल वाजवायचीसुद्धा चोरी वाटते.

निवेदनाआधी छापील प्रश्नावली वाटायची आहे. सध्या चार प्रश्न सुचलेत: मैदानात जाल का, कुठलं मैदान सोयीचं, किती वाजता, आणि असं झालं तर घरचे फटाके कमी कराल का. अजून काय विचारावं? कल्पनाच चुकीची वाटत असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

चहाबिस्किट
जाईन. बाहेर भेळेची गाडी असेल तर दोनदा जाईन.

लवंगीमिरची
माझा विरोध आहे आणि तो लिहून ठेवा. दिवाळी म्हणजे पोराने स्वतःच्या हाताने वात पेटवणं, पेटली की नाही या धाकधुकीत मागे पळणं, लवंगीची माळ सोडून एकेक लवंगी उदबत्तीने वाजवणं. मैदानात खुर्चीवर बसून आकाशाकडे बघणं म्हणजे दुसऱ्याला जेवताना बघणं. तो कार्यक्रम होईल, सण होणार नाही.

शिवाय नियम आधीच आहेत. ८ ते १० ची वेळ आहे, आवाजाची मर्यादा आहे. ती पाळून घेता येत नाही म्हणून सरसकट मैदानात चला म्हणायचं, हे मला पटत नाही. माझी मुलं फुलबाजी, भुईचक्र, झाड एवढंच लावतात आणि साडेनवाला घरात असतात. त्यांच्याकडून ते का काढून घ्यायचं?

भूभू
लवंगीमिरची, फुलबाजीला कुणाचीच ना नाही हो. प्रश्न सुतळी बॉम्बचा आहे. आमचा कुत्रा वसुबारसेपासून पलंगाखाली असतो, भाऊबीज झाल्यावरच बाहेर येतो. पाणीसुद्धा तिथेच नेऊन द्यावं लागतं. मैदान ठरलं आणि वेळ आधी कळली तर निदान त्या तेवढ्या वेळापुरतं त्याला मावशीकडे नेता येईल. मला आवाजापेक्षा तो कधी होणार हे माहीत नसण्याचा त्रास जास्त आहे.

आकडेमोड
आवाजाच्या मर्यादेबद्दल थोडं. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही एका फटाक्याची मर्यादा आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. ८ मीटरवर ११९, १६ मीटरवर ११३. आता दोन्हीकडे चार-चार मजली इमारती असलेल्या बोळात हे गणित लागूच पडत नाही, कारण आवाज भिंतींवर आपटून परत येतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही पेठेच्या गल्लीत नियमाबाहेरचा त्रास देतो. रहिवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे शेजारी ठेवून बघा.

त्यामुळे 'नियम आहेत ते पाळा' एवढ्याने भागत नाही. जागा बदलणं हाच खरा उपाय आहे, म्हणून धाग्यातल्या कल्पनेला माझं अनुमोदन.

पण मैदानाचंही गणित आहे. आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांसाठी अमेरिकेत धरतात तो ठोकताळा असा की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट मोकळं अंतर हवं. ३ इंची गोळा असेल तर २१० फूट, ६ इंची असेल तर ४२० फूट, आणि तेही चारही बाजूंनी. आता पुण्यातलं एवढं मोकळं मैदान सांगा, ज्याच्या कडेला शाळा, झोपडी, पेट्रोल पंप किंवा विजेची तार नाही.

मुठाकाठ
आकडेमोड, हे फार उपयोगाचं आहे. आम्ही नदीपात्राचा विचार करत होतो.

आकडेमोड
नदीपात्रात जागा लांब आहे, रुंद नाही. आणि डेक्कनच्या बाजूला रुग्णालयं किती आहेत ते मोजा. त्यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं. गोळे लहान ठेवले, जमिनीवरची झाडं, चक्रं, धबधबे यांवर भर दिला तर जमू शकेल.

जुना वाडा
पुण्याला ही कल्पना अजिबात नवी नाही, हे सांगायला आलो. पेशव्यांच्या बखरीत सवाई माधवरावांच्या काळातली एक हकिकत आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना ती पुढे आणली. महादजी शिंद्यांनी पेशव्यांना राजस्थानातल्या कोटा संस्थानच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे चार दिवस लाखो दिवे लागतात आणि राजधानीबाहेर राजा 'दारूची लंका' उभी करतो. दारूचेच रावण, राक्षस, वानर आणि मधोमध दारूचाच मारुती. शेपटीला बत्ती दिली की मारुती उडत जाऊन लंका जाळतो. पेशव्यांना ते बघावंसं वाटलं, हुकूम सुटला आणि पंधरा-वीस दिवसांत तयारी होऊन पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तो खेळ झाला. लोक पर्वतीवर गर्दी करून बसले होते.

बघा, जागा गावाबाहेरची, काम जाणकारांचं आणि लोक उंचावर, लांब. आज आपण मागतोय ते याहून वेगळं काय आहे? घरोघरी बॉम्ब लावायची चाल तर शिवकाशीचा माल स्वस्तात सगळीकडे पोचल्यानंतरची.

चहाबिस्किट
पंधरा दिवसांत तयारी! आत्ता मंडपाची परवानगी यायला तेवढे लागतात.

कवठ्याचा पाव्हणा
जुना वाडा काका, लंकेचं वाचून लई बरं वाटलं. ही परंपरा मेलेली न्हाई. आमच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री श्री सिद्धराज म्हाराजांच्या पालखीपुढं रातभर शोभेचं दारूकाम असतंय. लाकडी औट म्हंजी दारू भरलेली लाकडाची नळकांडी, झाडं, चक्रं, धबधबे, समदं गावातलीच मंडळं बनवत्यात. पालखी ठिणग्यांच्या पावसातनं म्होरं सरकती. औट पेटला की ठिणग्या वर चढत जात्यात, आन् खाली माणसं गुलालात न्हालेली. माझं आजोळ तिथं, म्हणून दसऱ्याला कुठंबी असलो तरी पाय तिकडंच वळत्यात.

पण खरं ते सांगतो. अपघातबी झाल्यात. भाजल्यात, जीव गेल्यात. दारू कुटताना, भरताना जास्त धोका असतोय, उडवताना कमी. ताई, तुमच्या निवेदनात उडवायच्या जागेचं समदं हाय, पण बनवणाऱ्याचं आन् ठेवायच्या जागेचं काहीच न्हाई. मैदानात आणलेला माल दिसभर कुठं ठेवणार, राखायला कोन, ते पयलं लिव्हा.

मुठाकाठ
पाव्हणं, लिहिते. हे खरंच आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आकडेमोड
पाव्हण्यांचा मुद्दा अगदी योग्य. केरळात पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ ला शंभरावर माणसं गेली, ती साठवलेल्या दारूवर ठिणगी पडून. ज्या इमारतीत माल ठेवला होता तिचे काँक्रीटचे तुकडे लांबवर उडाले.

संत्रानगरी
नागपूरवरून बोलतो. आमच्या इथं कस्तुरचंद पार्कवर दसऱ्याले रावणदहन होते, त्याच्यासंगं आतषबाजी राहते. पूर्ण शहर येते बाप्पा. म्हणजे एका मैदानात लोकं जमवनं शक्य आहे. पण घरी येऊन लोकं फटाके फोडत नाहीत, असं समजू नका. दसऱ्याची आतषबाजी पाहूनच पोट्टे दिवाळीची यादी करतात.

आनखी एक सांगतो. ते हिरवे फटाके म्हनतात ना, ते आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढले. स्वास, स्टार, सफल अशी नावं आहेत. त्यातून धूळ साधारन ३० टक्के कमी निघते, शून्य नाही. खोक्यावर नीरीचा शिक्का अन् क्यूआर कोड राहते, तो स्कॅन करून पाहा. स्फोटकांचा परवाना देनारी केंद्राची पेसो, तिचं मुख्य कार्यालयही इथंच आहे. तेव्हा निवेदनाची एक प्रत नागपूरले पाठवा, मी सोता जाऊन देतो.

लवंगीमिरची
संत्रानगरी भाऊंनी माझंच म्हणणं मांडलं. मैदानातला कार्यक्रम घरच्या फटाक्यांच्या जागी येणार नाही, त्यात भर पडेल. मग आजोबांना एका रात्रीऐवजी दोन रात्री त्रास.

मुठाकाठ
हा मुद्दा मला टोचतोय, कारण तो खरा आहे. म्हणूनच 'घरचे कमी कराल का' हा प्रश्न ठेवलाय.

फुफ्फुसवाली
मी छातीविकारांची डॉक्टर आहे, पुण्यातच. दिवाळीच्या आसपास पावसाळा संपून हवा कोरडी झालेली असते, रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि वरची हवा त्यापेक्षा उबदार असते. धूर त्या झाकणाखाली अडकतो. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने चालवलेल्या 'सफर' या संकेतस्थळावर पुण्याच्या हवेचे आकडे रोज येतात. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचे बघून ठेवा. आमच्याकडे रांग लागते ती त्या रात्री नाही, त्यानंतरच्या दिवसांत. दम्याची मुलं, सीओपीडीचे म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचे आजोबा-आजी, आणि ज्यांना आपल्याला दमा आहे हे तोवर माहीतच नव्हतं असे तिशीतले लोकही.

आता मैदानाबद्दल. मोठ्या आतषबाजीचाही धूर होतो, तो नाहीसा होत नाही. पण उंचावर होतो, थोडक्या वेळात होतो आणि घरांच्या खिडक्यांना लागून होत नाही. हा फरक मोठा आहे. वारा पडलेला असेल आणि हवा आधीच खराब असेल तर कार्यक्रम रद्द करायचा, हे मात्र आधीच लेखी ठरलेलं हवं. आयत्या वेळी मैदानात गर्दी जमल्यावर रद्द करायची हिंमत कुणी करत नाही.

मुलांच्या हातात फटाके देणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवा. न पेटलेल्या भुईनळ्यावर वाकून बघायचं नाही. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

मुठाकाठ
डॉक्टर, मनापासून आभार. 'रद्द कधी करायचा' हा मुद्दा निवेदनात टाकते.

पारिजात_सिडनी
इथे सिडनीत नववर्षाची आतषबाजी शहराची नगरपालिकाच करते, बंदरावर आणि हार्बर ब्रिजवरून. न्यू साउथ वेल्समध्ये सर्वसामान्य माणसाला फटाके विकत घेऊन उडवता येत नाहीत. आमची दिवाळी पणत्या, आकाशकंदील आणि फुलबाज्यांवर होते. त्यामुळे नववर्षाला अख्खी मराठी मंडळी डबे, चटया घेऊन पाण्याकाठी सकाळपासून जागा धरून बसतात. तुमच्याकडे घरगुती फटाके चालू ठेवून मैदानातही करायचं म्हणताय, तेव्हा इथली तुलना पूर्ण लागू पडत नाही, हे आधीच सांगते.

पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे रात्री ९ ला लहान मुलांसाठी वेगळी आतषबाजी असते, मुख्य १२ ला. मुलं ९ ची बघून झोपी जातात. तुम्ही ७ ला छोटी, कमी आवाजाची अशी मुलांची ठेवू शकता.

दुसरी गोष्ट लोकांचं मत घेण्याबद्दलची. २०१९ च्या अखेरीस इथे भयंकर वणवे पेटले होते, शहरात धूर भरला होता. आतषबाजी रद्द करून पैसे अग्निशमन दलाला द्या, अशा अर्जावर अडीच लाखांहून जास्त सह्या झाल्या. कार्यक्रम तरीही झाला. पालिकेचं उत्तर होतं की बहुतेक खर्च आधीच झालाय, आता रद्द करून काही वाचणार नाही. मी स्वतः सही केली होती आणि मला तेव्हा फार राग आला होता. म्हणून सांगते, मत विचारायचं तर कंत्राट द्यायच्या आधी विचारा. ऑक्टोबरात विचारून उपयोग नाही, उन्हाळ्यात विचारायला हवं.

वारा_वेलिंग्टन
पारिजातताईंच्या शेजारच्या देशातून. वेलिंग्टनची आतषबाजी आधी नोव्हेंबरात, गाय फॉक्स या इंग्लंडच्या सणाच्या सुमाराला असायची. २०१८ मध्ये पालिकेने ती हिवाळ्यात, माओरी नववर्षाला म्हणजे मातारिकीला नेली. रात्र लवकर पडते, मुलांना लवकर बघता येतं आणि इंग्लंडच्या सणापेक्षा इथल्या मातीचा सण, असा विचार. पहिल्याच वर्षी ऐन वेळी बंदरात एक मोठा देवमासा येऊन मुक्काम करून बसला. त्याला त्रास नको म्हणून आतषबाजी आठवडाभर पुढे ढकलली! अख्खं शहर देवमासा बघायला किनाऱ्यावर. आतषबाजीपेक्षा जास्त गर्दी मला तिथे वाटली.

नंतर मात्र वेगळाच प्रश्न आला. माओरी अभ्यासकांनी म्हटलं की मातारिकी हा गेलेल्यांना आठवण्याचा आणि निसर्गाशी नातं जपण्याचा काळ आहे, त्यात दारू जाळणं बसत नाही. रोटोरुआसारख्या ठिकाणी ड्रोनचा खेळ सुरू झाला. तेव्हा ताई, 'कधी' हा प्रश्न वेळेपुरता विचारू नका, कुठल्या दिवशी हेही विचारा.

चहाबिस्किट
आमच्या मुठेत देवमासा आला तर आधी पाणी स्वच्छ झालं म्हणून पेढे वाटू.

वहीपूजन
वारा यांनी दिवसाचं काढलं म्हणून लिहितो. रविवार पेठेत आमचं दुकान आहे. तुम्ही लक्ष्मीपूजनाला ८ ते १० म्हणताय, त्या वेळी व्यापारी माणूस मैदानात येऊच शकत नाही. मुहूर्त संध्याकाळचा, वह्यांची पूजा, नोकरमाणसांना पाकिटं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बत्तासे-लाह्या. हे आटोपेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. घराघरातही त्या वेळी पूजाच चालू असते. गर्दी खेचायची असेल तर पाडव्याची संध्याकाळ घ्या. भाऊबीजेला लोक प्रवासात असतात.

आणि दुकानापुढे पूजेनंतर एक माळ लावायची रीत आहे, ती लगेच बंद होईल असं समजू नका. माझे वडील दहा हजारांची लावायचे. मी शंभराची लावतो, तीही आईच्या समाधानासाठी.

आकडेमोड
वहीपूजनकाका, माळांवर २०१८ च्याच आदेशात बंदी आहे. लांब माळांमुळे धूर, आवाज आणि कचरा तिन्ही होतात म्हणून.

वहीपूजन
माहीत आहे. म्हणूनच सांगतोय की कागदावर बंदी आणि दुकानात विक्री दोन्ही एकाच वेळी चालू आहे. तुमच्या निवेदनात विक्रीबद्दलही एक ओळ असू द्या.

मांडवीकाठ
गोव्याहून. आमच्याकडे दिवाळीची खरी धामधूम नरकासुराची. आदल्या रात्री वाड्यावाड्यावर मोठमोठे नरकासुर उभे करतात, स्पर्धा असतात, रात्रभर मोठ्याने संगीत आणि पहाटे दहन. पोटात फटाके भरलेले असतात. म्हणजे सामूहिक आहे, ठरलेल्या जागी आहे, तरीही म्हाताऱ्या माणसांची झोप जाते ती जातेच. जागा ठरवून प्रश्न सुटत नाही, आवाज कुणी मोजायचा आणि कधी थांबवायचा हे ठरवावं लागतं. बाकी पोरांनी स्वतः कागद चिकटवून महिनाभर नरकासुर बांधायचा आनंद मात्र मैदानातल्या कार्यक्रमात येणार नाही, हे लवंगीमिरचींचं बरोबर आहे.

लवंगीमिरची
देव बरें करूं. या धाग्यावर पहिला सोबती मिळाला.

पश्चिमवारा
अमेरिकेतून एक गंमत. ४ जुलै २०१२ ला सान डिएगोत बंदरावरची अख्खी आतषबाजी यंत्रणेतल्या बिघाडाने एकदम उडाली. सतरा-अठरा मिनिटांचा कार्यक्रम अर्ध्या मिनिटाच्या आत खलास. आकाशात एकच प्रचंड गोळा आणि मग अंधार. मुलं विचारत राहिली, झालं? आमच्या ओळखीचं एक कुटुंब तीन तास गाडी चालवून गेलं होतं.

ज्या शहरांत वणव्याची भीती आहे तिथे हल्ली ड्रोन आणतात. सॉल्ट लेक सिटीने २०२३ मध्ये तसं केलं. सुंदर दिसतं, पण छातीत धप्प होत नाही. मला ते धप्प हवंसं वाटतं, खरं सांगतो.

झाडूवालीचा मुलगा
आतापर्यंत नुसता वाचत होतो. माझी आई महापालिकेत झाडूखात्यात होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिची पाळी नेहमीसारखी पहाटेच असायची. आपण सगळे पाडव्याच्या अंघोळीची तयारी करत असतो तेव्हा त्या बायका रस्त्यावर. रात्री दव पडलं की फटाक्यांचा कागद डांबराला चिकटतो, खराट्याने निघत नाही. मग वाकून नखांनी सोडवावा लागतो. तो गुलाबी-लाल रंग हाताला लागतो. आई घरी येऊन अभ्यंगाचं उटणं लावायची ते आधी हाताला, रंग घालवायला. ढिगात न फुटलेले असतात, कुणी काडी टाकली की फुटतात. तिच्या बरोबरच्या एका मावशींची साडी तशीच पेटली होती.

तुमची प्रश्नावली मैदानात कोण येणार हे विचारते. मैदानात येणारा 'हो'च म्हणणार. जे येणार नाहीत त्यांना कोण विचारणार? आईला आजवर कुणी विचारलेलं नाही. रखवालदार, रात्रपाळीची नर्स, रिक्षावाले, फुटपाथवर झोपणारे, यांच्यापैकी एकाचंही उत्तर तुमच्या कागदावर येणार नाही, कारण तो कागद सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरणार.

फुफ्फुसवाली
याला पूर्ण अनुमोदन. माझे रुग्णही त्या यादीत घाला. दाराला टॉवेल लावून बसलेल्या घरात कागद घेऊन कुणी जात नाही.

भूभू
वाचून गप्प झाले. आईंना नमस्कार सांगा.

मुठाकाठ
दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. प्रश्नावली बदलायची, हे नक्की. छापील कागद वस्तीत, आरोग्यकोठीवर (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी) आणि रुग्णालयांच्या वॉर्डांत नेऊन, वाचून दाखवून भरून घ्यायचा. आईंना आमच्या बरोबर यायला जमेल का? त्यांनी विचारलं तर त्यांच्या जुन्या सोबतिणी मोकळेपणाने सांगतील.

झाडूवालीचा मुलगा
आईला विचारलं. म्हणाली येते, पण सकाळी साडेदहानंतर, नातवाला शाळेत सोडून. आणि तिने एक प्रश्न सांगितलाय, तसाच लिहितो: "कार्यक्रम झाल्यावर मैदान कोण झाडणार, आन् त्याचे जादा पैसे मिळणार का?"

कवठ्याचा पाव्हणा
पयला प्रश्न ह्योच ठेवा. बाकीचे खाली.

येरवडाएक्सप्रेस
उशिरा आलो. मैदानं कुठली यावर बोला. दरवेळी कोथरूड, डेक्कन, बाणेर. आमच्या येरवडा, लोहगाव, हडपसरच्या पोरांनी रात्री दहाला परत कसं यायचं? पीएमपीच्या जादा गाड्या नसतील तर हा गाडीवाल्यांचाच कार्यक्रम होईल, आणि वस्तीतली पोरं गल्लीतच सुतळी लावतील, त्यांना दोष देऊ नका. आमच्याकडे नदीकडेला डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिकडे मात्र चुकूनही नको. हिवाळी पाहुणे यायचे तेच दिवस असतात.

मुठाकाठ
प्रभागवार लहान मैदानं, जमिनीवरचं दारूकाम जास्त आणि आकाशातले गोळे कमी, असा बदल करायचा का मग? आकडेमोड, तुमचं अंतराचं गणितही त्यात बसेल. परतीच्या बसचा मुद्दा घेतला, पक्ष्यांचाही.

आकडेमोड
बसेल. प्रभागात गोळे नकोतच. औट, झाडं, चक्रं यांना लोक ३०–४० मीटरवर अडवले तर कवठेएकंदसारखी शोभा येईल. पाव्हणे, जाणकार मंडळी पुण्याला येतील का?

कवठ्याचा पाव्हणा
दसरा झाला की मोकळीच असत्यात. मी बोलतो. पर परवाना आन् विमा तुमच्याकडनं पायजे, त्याबिगर कुणी येनार न्हाई, आन् येऊबी नये.

लवंगीमिरची
प्रभागातलं मैदान असेल, चालत जाता येत असेल, तर एका कोपऱ्यात मुलांना स्वतःच्या फुलबाज्या, भुईचक्रं लावायला जागा आखून द्या. वाळूच्या बादल्या आणि दोन मोठी माणसं उभी ठेवा. एवढं केलंत तर माझा विरोध मागे घेते, आणि त्या कोपऱ्यात पाडव्याला मी स्वतः उभी राहीन.

संत्रानगरी
हे बेष्ट झालं.

वहीपूजन
वाळू आणि बादल्या माझ्याकडून.

वारा_वेलिंग्टन
प्रश्नावलीत 'अजिबात नको' असाही एक पर्याय ठेवा. नाहीतर ज्यांना आतषबाजीच नको त्यांना खूण करायला जागाच राहत नाही, आणि मग पालिका म्हणते सगळ्यांना हवीच आहे.

फुफ्फुसवाली
आणि 'घरी कुणाला दमा, हृदयविकार, तान्हं बाळ आहे का' हा प्रश्न. नाव-पत्ता न विचारता.

मुठाकाठ
दोन्ही घेतले. सध्याचा मसुदा असा: सुरुवात आईंच्या प्रश्नाने, मग आजारी माणसांचा, मग आतषबाजी हवी का, हवी तर प्रभागात की मोठ्या मैदानात, पाडवा की लक्ष्मीपूजन, ७ ते ८ की ८ ते १०, परतीची सोय, मुलांचा कोपरा, आणि शेवटी घरचे फटाके किती कमी कराल. पारिजातताईंनी म्हटल्याप्रमाणे यंदाच्या दिवाळीसाठी घाई करत नाही. यंदा फक्त कागद भरून घ्यायचे, दिवाळी संपली की दुसऱ्याच दिवशी, आठवण ताजी असताना. निवेदन डिसेंबरात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद मागता येईल.

शनिवारी छापायला देते. मराठी आणि हिंदी दोन्ही. कुणाचा प्रश्न राहिला असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच लिहा. येरवड्यात आणि हडपसरमध्ये कागद भरून घ्यायला माणसं हवी आहेत, त्यांनी निरोप पाठवा.

येरवडाएक्सप्रेस
येरवड्याचं माझ्याकडे. दोनशे प्रती द्या.